दुसऱ्या गाठीचं पाणी

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

जयवंत भावोजी,

त्या सकाळी मी अंगण झाडलं, सडा टाकला, तांदूळ निवडून सुपात ठेवले आणि कळशी घेऊन विहिरीवर गेले. बादली एकदा पाण्यावर आपटून वरचा पालापाचोळा बाजूला सारला. दुसऱ्यांदा खोल सोडली, दोर सैल पडेपर्यंत. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं, प्यायचं पाणी वरचं घ्यायचं नाही, खालचं घ्यायचं. कळशी भरून आणली, गाळली, चहा ठेवला. दोन कप ठेवला. मग आठवलं की तुमचे दादा घरी नाहीत, मांडीत सळई घालून दवाखान्यात पडलेत. एक कप मी प्यायले, दुसरा तासाभराने गरम करून तोही प्यायले.

ती सकाळ मला अकरा वर्षं पाठ आहे. का, ते सांगायला आज बसलेली नाही.

आज तुमच्याकडे एक वस्तू मागायची आहे. विहिरीच्या पाण्याचा नमुना काढायचा जुना दोर, पाच गाठींचा, तुम्ही दोघा भावांनी मिळून केलेला. गावकीच्या बैठकीत जे झालं त्या संध्याकाळी तुम्ही आमच्या पडवीत आलात, खिळ्यावरचा दोर काढलात आणि मला म्हणालात, "वहिनी, याच्या गाठी माझ्या हाताच्या मापाने मारल्यात. हा माझा." पुढच्या महिन्यात गाव सोडलंत. येत्या संक्रांतीला त्या बैठकीला अकरा वर्षं होतील. दोर अजून असेल का? तुम्ही वस्तू टाकणारे नाही, म्हणून विचारते.

फोन करून पाहिला असता. पण समोरचं माणूस गप्प झालं की मला पुढे बोलता येत नाही. पत्रात तुम्ही गप्प राहिलात तरी मला लिहिता येतं. आणि लिहायवाचायचं बळ मला तुमच्यामुळे आलं. चौथीला शाळा सुटलेली मी, वाण्याच्या पुड्या सोडून वाचायची. ते पाहून तुम्ही मला वाचनालयात नेऊन नाव घातलंत. घरात सगळे हसले होते. तुम्ही हसला नव्हतात.

दोर का हवा ते सांगते. तुमच्या दादांच्या सहा वह्या माझ्या कपाटात आहेत. सातिवलीच्या कारखान्यात ते बॉयलरवर होते. बॉयलरला क्षाराचं पाणी चालत नाही, म्हणून रोज मोजायचं. ती सवय त्यांनी घरच्या विहिरीला लावली. दर अष्टमीला, शुद्ध आणि वद्य, महिन्यातून दोनदा. अष्टमीला भांगाची, म्हणजे लहान भरती असते, खाडीचा जोर विहिरीवर येत नाही, म्हणून तोच दिवस. सकाळी, पंप सुरू व्हायच्या आधी. दोन हजार तीनपासून ते गेले त्या श्रावणापर्यंत, एकोणीस वर्षं. तापात असले तरी गेले. तुमच्या मुलाच्या बारशाला सगळे खोळंबले होते तेव्हा ते कुठे होते, आठवतं ना? ते गेल्यापासून क्षार मोजायचा मीटर मी कपाटात ठेवून दिलाय.

गेल्या महिन्यात दिपिका नावाची मुलगी त्या वह्या पाहायला आली. तिशीतली असेल. पाण्यावर काम करणाऱ्या एका लहान संस्थेत आहे, राहते तुमच्याच एव्हरशाईन सिटीत. तिने आधी हात धुतले, ओढणीला पुसले, मग वही उघडली. तेवढ्यावरच ती मला आवडली. बराच वेळ पानं उलटत होती. मग म्हणाली, "काकू, एकोणीस वर्षं. आमच्या सातही गटांत मिळून एवढं कुणाकडे नाही आहे."

वसईत ठिकठिकाणी सात गट पाणी मोजतात म्हणे. बायकांचे बचत गट, शाळा, चर्चची माणसं, सोसायट्या. सगळ्यांचे आकडे आहेत, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या शेजारी ठेवता येत नाही. कुणी काठापासून खोली धरतो, कुणी पाण्यापासून. कुणी तारीख लिहितो, कुणी नाही. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच तक्ता ठरवायचा चाललाय. त्याला ती मेटाडेटा म्हणते. मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणाली, "आकड्याचा पत्ता, काकू. कुठला, कधीचा, किती खोलीवरचा, कुणी घेतलेला. पत्ता नसलेला आकडा कितीही खरा असला तरी पोचत नाही."

मग तिने विचारलं, "प्रत्येक ओळीत दुसरी गाठ लिहिलंय. दुसरी गाठ म्हणजे किती?"

मला सांगता आलं नाही. आमच्याकडे आहे तो दोर दादांनी नंतर केलेला, त्यांच्या हाताचा. त्यांचा हात आखूड होता, तुमचा लांब. जुन्या बारा वर्षांचं माप तुमच्याकडच्या दोरात आहे. ते मिळालं नाही तर तेवढ्या वह्या तक्त्यात जाणार नाहीत.

विनिताला माझी आठवण सांगा.

तुमची वहिनी,
हंसा


सोमवार, १७ नोव्हेंबर

जयवंत भावोजी,

उत्तर आलं नाही. आठवडाच झालाय, मी घाई करत नाही.

काल राजोडीला गेले होते. चर्चच्या हॉलमध्ये सातही गटांची बैठक होती. मी वह्यांबरोबर गेले, वह्या कुणाच्या हातात एकट्या द्यायच्या नाहीत म्हणून. मागे बसून ऐकायचं ठरवलं होतं.

पहिला अर्धा तास फक्त सकाळ या गोष्टीवर गेला. दिपिकाने फळ्यावर लिहिलं, वेळ: सकाळ किंवा संध्याकाळ. त्यावर आपल्या बचत गटाची सत्यवती उठली. तुम्हाला आठवत असेल ती, तोंडाने फटकळ.

"माझी सकाल चारला व्हते," ती म्हणाली. "या सोसायटीवाल्यांची नवाला. कंची लिवायची?"

सोसायटीचे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, नऊ म्हणजे सकाळच आहे."

"नवाला आमचा अर्धा पानी उपसून झालेला असते. मंग तुम्ही मोजा, नाय तर नका मोजू."

दिपिका चिडली नाही. तिने सकाळ पुसलं आणि घड्याळातली वेळ लिहिलं, त्याच्या पुढे एक नवा रकाना केला: शेवटचा उपसा होऊन किती तास झाले. मग सत्यवतीला विचारलं, "ताई, असं चालेल?" सत्यवती म्हणाली, "आता कसा," आणि बसली.

मग काठावरून भांडण. एका शाळेच्या विहिरीचा काठ दोन वर्षांपूर्वी बांधून वर घेतला, तेव्हापासून त्यांची खोली अचानक दीड हाताने वाढलेली दिसते. सत्यवती पुन्हा उठली. "बाईला उंच चपला घातल्या तर ती वाढली काय?" सगळा हॉल हसला. पण ठरलं तिच्या म्हणण्यासारखंच, खोली पाण्याच्या पातळीपासून धरायची आणि काठ ते पाणी हे अंतर वेगळं लिहायचं. भावोजी, मला हे बघताना फार बरं वाटलं. एवढी माणसं, कुणी कुणाचं ऐकणारं नाही, आणि ती मुलगी प्रत्येकाच्या तक्रारीला एक रकाना देत होती. घर सांभाळलेल्या बाईला ते काम ओळखता येतं. जेवणाच्या पंगतीला कुणाला कुणाजवळ बसवायचं, तसलं ते काम आहे. फक्त इथे कुणी वाढणारीचं नाव घेत नाही.

पण सगळ्यात मोठी गोष्ट केली ॲन्सेल्म सरांनी. निवृत्त शिक्षक, सत्तरीच्या पुढचे, राजोडीच्या वाड्यांतल्या बावखलांचं, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यांचं, पाणी पंधरवड्याला मोजतात. त्यांचे तक्ते छापल्यासारखे. त्यांची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पहिल्या तीन वर्षांच्या आकड्यांपुढे शंका असं लिहा."

दिपिका म्हणाली, "का सर? तुमचा डेटा तर सगळ्यात क्लीन आहे."

"अक्षर स्वच्छ आहे, बाळ. मीटर मी तीन वर्षं एकदाही ताडून पाहिला नव्हता. ताडला तेव्हा तो शंभराने जास्त दाखवत होता. मी गुपचूप नवीन घेतला आणि पुढे लिहीत राहिलो. कुणाला सांगितलं नाही, कारण विद्यार्थ्यांना मी तपासून पाहा, तपासून पाहा असं आयुष्यभर सांगितलं."

कुणीतरी विचारलं, मग ते आकडे काढून टाकायचे का? दिपिका म्हणाली, "नाही. काहीच काढायचं नाही. बाजूला खरं लिहायचं." आणि तिथल्या तिथे तक्त्यात शेवटचा रकाना आला, शंका. सर खाली बसले, खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मी त्यांच्याकडेच पाहत होते. मला वाटलं, या वयात माणूस असं उभं राहू शकतो.

चहाच्या वेळी दिपिका माझ्याशेजारी बसली. तिने जुनं पंचांग आणून दादांच्या तिथ्यांच्या तारखा लावायला घेतल्यात. म्हणाली, "काकू, ही विहीर आपण अहवालाच्या पहिल्या पानावर घेणार आहोत. बघा ना, दोन हजार चौदाच्या शेवटी क्षार साडेअकराशे, मग विहिरीवरून पाणी नेणारे टँकर बंद झाले, आणि एका महिन्यात परत साडेचारशे. इतकं सरळ उदाहरण मिळत नाही. बाकीच्या गावांना दाखवता येईल." मग पेन्सिल एका ओळीवर ठेवून विचारलं, "फक्त एक समजत नाही आहे. टँकर नक्की कधी सुरू झाले?"

मी म्हटलं, आठवत नाही.

मला आठवतं. तुम्हालाही आठवतं.

हंसा


रविवार, ३० नोव्हेंबर

जयवंत भावोजी,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जे होईल ते पाठवणार आहे.

विकायच्या पाण्याचा तुमचा टँकर आपल्या विहिरीवर पहिल्यांदा भरला तो दिवाळीच्या पाडव्याला. तुम्ही त्याला हार घातला होतात आणि आम्हाला पेढे आणून दिलेत. उपसा वाढला की खाडीचं खारं पाणी विहिरीत ओढलं जातं, म्हणून दादांनी पेढा खाल्ला नाही, पण तेव्हा भांडणही केलं नाही. दिपिकाने तारखा लावल्या त्यात त्या साली पाडवा होता चोवीस ऑक्टोबरला. आणि आकडा चढला तो भाद्रपद वद्य अष्टमीला, म्हणजे सप्टेंबरच्या मध्याला. पाच आठवडे आधी. वहीत तिथ्या होत्या, तुमच्या टँकरच्या पावत्यांवर तारखा. दोन्ही शेजारी ठेवून कुणी पाहिलंच नाही. गावकीतही नाही. तुम्हीही नाही.

भाद्रपद वद्य अष्टमी म्हणजे मी पहिल्या पत्रात लिहिली ती सकाळ.

आदल्या दिवशी दवाखान्यात त्यांचा जीव पायापेक्षा विहिरीत होता. "अष्टमी चुकनार," एवढंच म्हणत होते. नर्स म्हणाली, बाबा, देवाचं काही आहे का? मी त्यांना काही न सांगता ठरवलं की आपण घेऊ. चहा प्यायल्यावर मी त्यांचा दोर आणि दगड बांधलेली बाटली घेऊन विहिरीवर गेले. मीटर पाण्यात कसा धरायचा ते शेकडो वेळा पाहिलं होतं. बाटली मी खाली सोडली, दगड तळाला टेकेपर्यंत. मग बुचाची दोरी ओढली. गाठी हाताला पकड यावी म्हणून असतात असंच मला वाटायचं, आपल्या बादलीच्या दोराला असतात तशा. चांगलं पाणी खालचं, हे मला सासूबाईंनी शिकवलेलं. त्यांच्या विहिरीचं चांगलं पाणीच मोजायला घ्यायचं, वरचं पाल्याचं कशाला घ्यायचं, असा माझा विचार. मीटरने अकराशे ऐंशी दाखवले. वरच्या ओळीत दुसरी गाठ लिहिलेलं होतं, मी खाली तसंच उतरवलं.

दवाखान्यात जाऊन आकडा सांगितला तेव्हा ते उठून बसायला गेले. "किती?" म्हणाले. दोनदा विचारलं. कसं घेतलंस हे विचारलं नाही. माझ्यावर त्यांचा भरवसा होता.

अशा नऊ अष्टम्या मी घेतल्या. शेवटची पौष वद्य. त्यानंतर गावकी बसली, काठी टेकत ते गेले आणि सगळ्यांसमोर वही उघडून तुम्हाला म्हणाले, "सख्ख्या भावानं बापाच्या बावीत मीठ घातला." तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी बायकांत बसले होते. तेव्हा मला खरंच काही माहीत नव्हतं, एवढं माझं ऐकून घ्या.

माहीत झालं ते माघात. टँकर बंद होऊन दोन आठवडे झाले होते, तुम्ही सामान बांधत होता. दादा पहिल्यांदा स्वतः विहिरीवर आले, नवा दोर घेऊन. मी त्यांना धरून उभी होते. त्यांनी बाटली सोडली आणि लगेच थांबले.

मी म्हटलं, "एवढ्यातच?"

"मंग? दुसरी गाठ आली."

"पण चांगलं पाणी खाली असतं ना?"

ते हसले. "खाली खारा पानी असते, येडे. गोडा वर तरंगते. एवढी वरसा झाली, तुला म्हाईत नाय?"

मीटरवर साडेचारशे आले. ते इतके खूश झाले की काठी विसरून दोन पावलं चालले. "बघितलंस? टँकर बंद झाले नि बाव गोडी झाली." मी त्यांना धरलं, घरी आणलं, आणि भात टाकायला आत गेले.

त्या दिवशी तुम्ही अजून गावात होता. पाच घरं पलीकडे. मी यायला हवं होतं. आले नाही, कारण मग ते गावासमोर खोटे ठरले असते. पायाने आधीच अधू झालेला माणूस, त्याचा मान राखायचा असं मी मनाला सांगितलं. तो मान राखला गेला तो तुमचं गाव सुटण्याच्या किमतीवर. त्यांच्या अंत्ययात्रेला तुम्ही खांदा दिलात आणि आमच्या घरचं पाणी न पिता गेलात. तुमच्या पाठीकडे बघत मी दारात उभी होते. तेव्हाही बोलता आलं असतं.

टँकरने विहिरीचं काही बिघडलंच नसतं असंही मी म्हणत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही. ज्या तीन महिन्यांत कळलं असतं, त्या महिन्यांचं पाणी मी तळातून काढलं.

आणि आता ती विहीर पहिल्या पानावर जाते आहे. सात गट त्यावरून आपापल्या गावात काय करायचं ते ठरवणार. तक्त्यात एक रकाना आहे, नमुना कोणी घेतला. नऊ ओळींपुढे तुमच्या दादांचं नाव दिपिकाने पेन्सिलीने घातलंय. ते खोडून माझं नाव घातलं की सगळं उलगडेल. त्यांनी भावाला खोट्या आकड्यावरून घालवलं हे जग वाचेल. नाही घातलं तर त्यांच्या एकोणीस वर्षांत माझं खोटं कायमचं राहील. त्यांनी एकही ओळ मनाने लिहिली नाही हो. एका अष्टमीला पंप आधी सुरू झाला होता तर त्यांनी आकडा न घेता नुसतं लिहिलंय, आज नाही.

मी उद्या दिपिकाला सांगणार आहे. तुमच्याकडून क्षमेचं पत्र मागत नाही. दोर मात्र अजूनही हवा आहे.

हंसा


रविवार, १४ डिसेंबर

जयवंत भावोजी,

विनिता मंगळवारी येऊन गेली. तांदळाच्या पिशवीत दोर होता. तिने चहा घेतला, पाणीही प्यायली. जाताना म्हणाली, "ताई, यांनी तुमची तिन्ही पत्रं जपून ठेवलीत. काय आहे त्यात, मला वाचू देत नाहीत."

तुमची चिठ्ठी मी इतक्या वेळा वाचली की आता न बघता लिहू शकते. "दोन गाठींमधलं अंतर माझा एक हात, कोपर ते मधलं बोट. आज मोजलं, अठरा इंच. पहिली गाठ बाटलीच्या तोंडापासून एक हात. खोली पाण्याच्या पातळीपासून धरायचो, काठापासून नाही. दोर वाळून आखडलाय, त्याचं माप घेऊ नका, हाताचं घ्या. जयवंत." खाली तारीख आणि वेळ. सकाळी सात चाळीस.

माझ्यासाठी त्यात एक शब्द नाही. आणि तक्त्यातला एकही रकाना रिकामा नाही. दिपिकाला दाखवली तेव्हा ती म्हणाली, "काकू, हे काका आमच्या ट्रेनिंगला का नाही येत? दोर आखडतो हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं." मी म्हटलं, ते तसेच आहेत पहिल्यापासून.

तिला मी सगळं सांगितलं होतं, एक तारखेलाच. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. झाल्यावर त्या नऊ ओळींचं पान पुन्हा उघडलं. मला वाटलं, आता वह्या परत करेल. तर म्हणाली, "म्हणजे या नऊ ओळी तळाच्या आहेत. काकू, तळाचं पाणी आमच्यापैकी कुणीच कधी मोजलेलं नाही." मग माझा चेहरा पाहून पुढे म्हणाली, "सॉरी. मला माहीत आहे, तुम्ही ते सांगायला नव्हता आलात." विहीर पहिल्या पानावरून काढली. टँकरचं वाक्य गेलं. एकोणीस वर्षांत दुसऱ्या गाठीचा क्षार चारशेवरून सहाशे ऐंशीवर चढला, हळूहळू, एका घराच्या करण्याने नाही, एवढंच राहिलं. ती चढण खरी आहे, आणि ती तुमच्या दादांनी पकडली. ते वाचून मला पहिल्यांदा रडू आलं.

पण कागदावर लिहिणं वेगळं. गावकीत तुमचं नाव तोंडाने घेतलं गेलं होतं, ते तोंडानेच परत घ्यायला हवं होतं. अकरा तारखेला, गुरुवारी, बायकांच्या मार्गशीर्षाच्या पूजा आटोपल्यावर संध्याकाळी समाजमंदिरात सगळे जमले. मीच बोलावलं होतं. विनिता येऊन मागे बसली. तुम्ही आला नाहीत. मी यायला सांगितलंही नव्हतं, तुमच्यासमोर बोलले असते तर तुम्हाला ते सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि एकदा तसं बसणं पुरे.

मी वही घेऊन उभी राहिले. म्हटलं, या नऊ ओळींचं पाणी मी काढलं, तळातून काढलं, आणि दुसरी गाठ लिहिलं. हे मला त्याच साली माघात कळलं होतं. जयवंत भावोजींवर ठेवलेला आळ या नऊ ओळींवर उभा होता. आळ खोटा होता. आमच्या यांनी तो मुद्दाम ठेवला नाही, मी कळूनही बोलले नाही.

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, "आता सांगून काय उपेग? रामू गेला, त्याचा भाव गेला गावातना."

सत्यवती वळली. "उपेग तुला नाय, बाबा. तू गप बस. ज्याला हाय त्याला हाय." आणि मला म्हणाली, "हंसा, तुझी सासू खालचाच पानी प्यायची आनि नव्वद वरसा जगली. बस खाली आता."

बसले. समाजमंदिराच्या वहीत सगळं लिहून घेतलं, खाली मी सही केली, अंगठा नाही. ते पान मी सोबत पाठवते आहे.

तुमच्या दादांच्या नावापुढे आता काय राहिलं असं तुमच्या मनात येईल. चारशेच्या वर ओळी राहिल्या. नऊ कमी. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच खोडायला लावल्या असत्या, आणि मग चालत एव्हरशाईन सिटीपर्यंत आले असते, काठी टेकत. हे मला अकरा वर्षं माहीत होतं. म्हणूनच मी त्यांना कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वद्य अष्टमी होती. सकाळी अंगण झाडून, सडा टाकून, मी कपाटातला मीटर काढला, ॲन्सेल्म सरांनी दिलेल्या ठरलेल्या क्षाराच्या पाण्यात ताडून पाहिला आणि तुमचा दोर घेऊन विहिरीवर गेले. पंप सुरू झालेला नव्हता. आखडलेल्या गाठीजवळ तुमच्या मापाने छत्तीस इंचावर लाल धागा बांधून घेतला होता, बाटली तिथपर्यंत सोडली. सातशे दहा आले. वहीत तिथी लिहिली, तिच्या शेजारी तारीख लिहिली, सहा वाजून पन्नास मिनिटं लिहिली, आणि नमुना कोणी घेतला तिथे माझं नाव लिहिलं.

हंसा